आईची केमो चालू असताना विश्वास कसा धरायचा: घरच्या माणसांसाठी, पायरी पायरीने

जय ख्रिस्त. आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही नगरला होतो, ट्रीटमेंट मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलमध्ये झाली, केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं मिळून वर्षाच्या वर गेलं. त्या काळात "विश्वास ठेव बेटा, प्रभू करील" हे मी इतक्या वेळा ऐकलं की मोजदाद नाही, पण विश्वास ठेवायचा म्हणजे सकाळी उठून नक्की काय करायचं हे कोणीच सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय, आमच्या चुकांसकट.

सुरुवातीला एकच गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बायबलमध्ये मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावची गोष्ट आहे, चार माणसं एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट. पण आईच्या दुसऱ्या केमोनंतर वाचताना मला पहिल्यांदा दिसलं की तिथे लिहिलंय येशूने "त्यांचा विश्वास पाहून", म्हणजे बाज उचलणाऱ्यांचा. बाजेवर पडलेला माणूस त्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. आपण घरचे लोक ते बाज उचलणारे. पेशंटने विश्वास दाखवावा, हसत राहावं, स्तोत्रं म्हणावीत ही अपेक्षा त्याच दिवशी डोक्यातून काढून टाका, तिचं काम पडून राहणं आणि औषध घेणं, उचलायचं काम आपलं.

पायरी 1: पहिल्या आठवड्यात छोटी प्रार्थना आणि एक वही

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री मी गुडघे टेकून तासभर बसले आणि शब्दच येईनात, मग स्वतःवरच चिडले. आता कळतं की तशा वेळी तासाची प्रार्थना करायचीच नसते. एक वाक्य पुरे. "प्रभू, दया कर." "आजचा दिवस निभावून ने." रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो, म्हणजे तुमचं नुसतं सुस्कारा टाकून बसणंसुद्धा वर पोचतंय.

दुसरं काम, शंभर पानी वही घ्या. पुढच्या बाजूने डॉक्टर, मागच्या बाजूने देव. पुढून तारखा, औषधांची नावं, ब्लड रिपोर्टचे आकडे, पुढच्या वेळी विचारायचे प्रश्न. मागून त्या दिवशीची प्रार्थना, तारीख टाकून, एक-दोन ओळी, रागाची असली तरी लिहा. मला वाटायचं हा वेडेपणा आहे, पण महिन्याभराने मागे वळून वाचलं तेव्हा लक्षात आलं की "आईला पेज तरी पचू दे" असं लिहिलेल्या दिवसानंतर चार दिवसांनी पुढच्या बाजूला "आज अर्धी भाकरी खाल्ली" अशी नोंद आहे, आणि ते मी साफ विसरून गेले होते.

याच आठवड्यात कोणीतरी विचारणार, घरात काही पाप राहिलंय का, कोणाला माफ करायचं राहिलंय का. आमच्याकडे एका बाईंनी आईला तिच्या तोंडावर विचारलं. आई रात्रभर जागी, चाळीस वर्षांपूर्वीची भांडणं आठवत बसली. अशा वेळी योहानाचा नववा अध्याय काढून द्या. जन्मांध माणसाला बघून शिष्य हेच विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी, आणि येशू म्हणतो याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. एवढं वाचून दाखवा आणि विषय बंद करा. वाद घालू नका, तेवढी ताकद नसते तेव्हा.

पायरी 2: बाजेचे चार कोपरे वाटून द्या

कागद घेऊन चार नावं लिहा. एकट्याने बाज उचलली की ती कलंडते, मी पहिले दोन महिने हेच केलं आणि शेवटी हॉस्पिटलच्या जिन्यात चक्कर येऊन बसले.

पहिला कोपरा, हॉस्पिटलला सोबत जाणारं माणूस. शक्यतो एकच किंवा ठरलेली दोन, कारण डॉक्टर काय म्हणाले हे दर वेळी नवीन माणसाने ऐकलं की घोळ होतो.

दुसरा कोपरा पैसा आणि कागद. हे काम घरातल्या चिकाटीच्या माणसाला द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत, रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं आहे का ते आधीच बघा, स्पेलिंगच्या फरकाने लोकांचे आठवडे जातात. मोठ्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्करचं वेगळं डिपार्टमेंट असतं, तिथे पहिल्याच फेरीत जा, लाजू नका. रेल्वेत कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटसाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के, त्याचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो. मंडळीतून, म्हणजे चर्चच्या लोकांतून, कोणी पैसे दिले तर घ्या, आणि वहीत लिहा. पप्पांना ते फार जड गेलं, आयुष्यभर दानपेटीत टाकणारा माणूस, त्यांना हात पुढे करणं जमेना, शेवटी पाळकसाहेबच, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, घरी येऊन म्हणाले, आजवर तुम्ही दिलंत ते लोकांनी घेतलं ना, मग आता तुमची घ्यायची पाळी.

तिसरा कोपरा घर, डबा, लहान पोरं, कुत्रं, गॅस सिलेंडर. लोक म्हणतात काही लागलं तर सांगा, आणि आपण म्हणतो हो सांगते, आणि कोणीच काही सांगत नाही. त्याऐवजी तिथल्या तिथे सांगा, "आंटी, मंगळवारी आणि शुक्रवारी पप्पांचा डबा द्याल का, भाजी बिनतिखटाची." लोकांना खरंच करायचं असतं, त्यांना फक्त वार आणि पदार्थ हवा असतो.

चौथा कोपरा प्रार्थना आणि निरोप. मंडळीतल्या एका माणसाला नेमा, तब्येतीचा मेसेज फक्त त्याच्याकडून जाईल आणि फोन पण त्यालाच येतील. आमच्याकडे महिला मंडळाच्या सेक्रेटरी आंटींनी हे घेतलं. आठवड्यातून एक मेसेज, त्यात प्रार्थनेचे दोनच मुद्दे, नेमके. "आईसाठी प्रार्थना करा" असं नाही, "गुरुवारी चौथी केमो आहे, शीर लवकर सापडावी आणि उलट्या कमी व्हाव्यात" असं. लोक मग त्या गुरुवारी आठवणीने करतात.

पायरी 3: औषध आणि प्रार्थना यांची भांडणं लावू नका, लावू देऊ नका

हे मी अगदी हात जोडून सांगते. ट्रीटमेंट चालू असताना कोणी ना कोणी तुम्हाला सांगेल की गोळ्या बंद करा, खरा विश्वास असेल तर केमो कशाला. आमच्या घरात बसून एकाने सांगितलं. तेव्हा हे लक्षात ठेवा: बायबलमधला हिज्कीया राजा मरायला टेकला तेव्हा देवाने त्याचं रडणं ऐकलं, पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांची ढेप लावायला सांगितली. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आपल्याच महाराष्ट्रात विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेला मिशन हॉस्पिटल उभं केलं, तिकडे वेल्लोरला आयडा स्कडर यांनी 1900 साली दवाखाना सुरू केला, ही माणसं सकाळी प्रार्थना करून ऑपरेशनला उभी राहायची. परळला टाटा हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला नाव आहे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं, गोव्याचे, याच हॉस्पिटलातले कॅन्सर सर्जन. मी तो बोर्ड वाचत वाचत कितीतरी वेळा चहाला गेलेय. डॉक्टरचा हात हा पण देवाने दिलेला हात आहे असं मला मनापासून वाटतं, आणि आणखी एक, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात 1954 च्या कायद्याने बंदी आहे, मग ती कुठल्याही तेलाची असो, काढ्याची असो की ताईताची.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, ज्या चर्चमध्ये कोणी सांगत नाही आणि डॉक्टरला आपल्या पद्धती माहीत नसतात म्हणून तेही सांगत नाहीत.

उपास. केमो चालू असताना पेशंटने उपास करायचा नाही, लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, असला तरी नाही. आईला हे पटवायला पाळकसाहेबांनाच बोलवावं लागलं. घरच्यांनी करायचा तर करा, पण त्या दिवशी हॉस्पिटलला जाणारं माणूस जेवलेलं पाहिजे.

तेल. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, कॅथलिक कुटुंबात फादर येऊन रुग्णांचा तैलाभ्यंग देतात, तो फक्त शेवटच्या घटकेसाठी नसतो, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही घेता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तेल कपाळावर लावा. रेडिएशन चालू असेल तर त्या जागेवर तेल, बाम, पावडर काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही आणि शाईच्या खुणा पुसायच्या नाहीत.

प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना सगळ्यांच्या प्याल्यातून घेऊ नका, पाळकांना घरी येऊन वेगळ्या छोट्या प्याल्यात द्यायला सांगा, ते आनंदाने येतात.

ताप. केमोनंतर 100.4 किंवा वर ताप गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू नाही, आधी कुटुंबप्रार्थना करून घेऊ असंही नाही. प्रार्थना रिक्षात करा.

पायरी 4: केमोच्या 21 दिवसांना प्रार्थनेचं वेळापत्रक लावा

आईची पहिली चार सायकल दर 21 दिवसांनी होती. दोन झाल्यावर मला दिसलं की प्रत्येक सायकलमध्ये तेच तेच दिवस येतात, मग प्रार्थना पण त्या दिवसांप्रमाणे का नको. प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, तुमच्या डॉक्टरांना तुमचे दिवस विचारून घ्या, आमचे असे होते.

पहिला दिवस, केमोचा. हा वाट बघण्याचा दिवस. ब्लड रिपोर्ट, नंबर, पुन्हा नंबर, मग खुर्ची. त्या हॉलमध्ये बिहारपासून बंगालपर्यंतची माणसं, कोणी रात्र फुटपाथवर काढून आलेलं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या, त्या दुःखातून हे हॉस्पिटल 1941 साली उभं राहिलं असं मी वाचलं होतं, आणि त्या गर्दीत बसून ते सारखं आठवायचं. तिथे मी एक सवय लावून घेतली, शेजारी बसलेल्याचं नाव विचारायचं आणि आईची सुई लागेपर्यंत त्या माणसासाठी प्रार्थना करायची, मनातल्या मनात, त्याचा धर्म कुठला का असेना. स्वतःच्याच भीतीभोवती फिरण्यापेक्षा तेवढा वेळ बरा जातो. मुंबईत राहायला जागा नव्हती तेव्हा कोणी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव सांगितलं, तिथे परगावच्या कॅन्सर पेशंटची किती सोय होते ते डोळ्यांनी बघितलं. देवाने मदत पाठवली तर ती कुठल्या दारातून येईल हे आपण ठरवायचं नाही.

लाल औषध असेल तर त्या दिवशी लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे, आधीच सांगून ठेवा. आमच्या आईने बाथरूममधून जी हाक मारली ती मी विसरणार नाही.

दुसरा ते पाचवा दिवस. उलट्या, फोडणीचा वास नको, आवाज नको, स्टेरॉइडमुळे झोप पण नाही. या दिवसांत वाचन नको, लांब प्रार्थना नको, गाणी तर मुळीच नकोत. फक्त स्तोत्र 23 मधली एक ओळ, "तू माझ्याबरोबर आहेस". मी तिचे पाय चेपता चेपता तेवढंच म्हणायचे. कधी तेही नको म्हणायची, मग नुसते पाय चेपायचे.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पेशी खाली जातात. दिसायला पेशंट बरं दिसतं आणि म्हणूनच हे दिवस फसवे, याच दिवसांत लोक भेटायला येतात आणि इन्फेक्शन याच दिवसांत होतं. उपासना मोबाईलवर बघा, कॉटेज प्रेअर, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, घरात नको, झालीच तर अंगणात किंवा गच्चीत, पाच माणसं, मास्क. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस जातात. ज्या दिवशी उशीवर गुच्छ दिसला त्या दिवशी मी आईला मत्तयातलं सांगायला गेले, डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत, आणि ती म्हणाली, मग आता त्याला सोपं झालं मोजायला. आम्ही दोघी हसलो आणि मग रडलो. पण सगळ्यांना असं वचन त्या दिवशी चालेल असं नाही, बघून बोला.

पंधरावा ते विसावा दिवस हे चांगले दिवस, चव परत येते, हे वाया घालवू नका. या दिवसांत आम्ही तिला आवडणारी जुनी मराठी गीतं पेटीवर म्हणायचो, मामी यायची, मटण व्हायचं, पूर्ण अध्याय वाचून व्हायचा. पुढच्या केमोची भीती दोन दिवस आधीच सुरू होते, तेव्हा मत्तय सहावा अध्याय, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे. पप्पांनी हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलं होतं.

पायरी 5: भेटायला येणाऱ्यांना नियम द्या

बायबलमध्ये ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. तर येणाऱ्यांना दारातच प्रेमाने सांगा: दहा मिनिटं, हात साबणाने धुवायचे, सर्दी असेल तर फोनवरच, आणि अमुक ताईंना पण असाच होता आणि त्या गेल्या ही गोष्ट नको. प्रार्थना करण्याआधी पेशंटला विचारा, हात डोक्यावर ठेवू का, मोठ्याने करू का. जोरजोरात धमकावून सैतानाला हाकलणारी प्रार्थना आजारी माणसाला घाबरवते, मी हे स्पष्ट बोलले आणि काही जण रागावले, रागावू देत.

पायरी 6: विश्वास कोरडा पडला तर

पडतोच. सहाव्या महिन्यात मला बायबल उघडवेना. वहीच्या मागच्या बाजूला त्या पंधरा दिवसांत एकच शब्द आहे, "कोठवर". नंतर कळलं की तो शब्द स्तोत्र 13 मध्ये चार वेळा आहे. स्तोत्र 88 वाचा, अंधारावरच संपतं, शेवटी कुठलंही हालेलूया नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप, ज्याचं पोर आजारी आहे, तो म्हणतो "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका", एकाच दमात दोन्ही, आणि येशू त्याला परत पाठवत नाही.

आणि आधी शरीराकडे बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून परत खायला घालतो. मी तेव्हा चार तास झोपत होते आणि वडापाववर दिवस काढत होते. भावाला रात्रीची ड्यूटी दिली, तीन दिवस झोपले, मग हळूहळू प्रार्थना परत आली. दोन-तीन आठवडे झोप नसेल, भूक नसेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात अविश्वास काही नाही.

पायरी 7: रिपोर्टच्या दिवशी

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. पेट स्कॅनच्या, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे आहे ते बघायच्या तपासणीच्या, आधी मी देवाशी सौदा केला, रिपोर्ट क्लिअर आला तर मी मानीन. म्हणजे माझा सगळा विश्वास एका पानावर लावून टाकला. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने दोन वाक्यं म्हटली, हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. पहिलं वाक्य गाळू नका, बरं कर म्हणून स्पष्ट, हट्टाने मागा, त्यानेही मागितलं. दुसरं म्हणायला वेळ लागला तर लागू दे. रिपोर्ट हातात येण्याआधी, बंद पाकीट मांडीवर असताना, घरच्यांनी एकमेकांचे हात धरून दोन्ही म्हणा. मग उघडा. त्या दिवशी नेमलेल्या एका माणसालाच फोन करा, बाकीच्यांना उद्या.

पायरी 8: उत्तर नको ते आलं तर

हे मी मामांच्या वेळी शिकले, आईच्या आधी तीन वर्षं, तोंडाचा कॅन्सर होता त्यांना. डॉक्टर म्हणाले आता केमोचा उपयोग नाही, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं कमी करून आराम देणारी काळजी, बघा. घरात कोणी तो शब्दच उच्चारेना, म्हणे असं बोललं की विश्वास कमी पडतो. मामा शेवटचे पाच आठवडे दुखण्याने तळमळले कारण मॉर्फिन म्हणजे हार मानणं असं सगळ्यांना वाटलं. कृपा करून हे करू नका. दुखणं थांबवणं ही दया आहे, गोळी द्या, वेळेवर द्या. मेलेल्या लाजाराला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं तरी तो रडला, मग आपण रडलो तर काय बिघडलं.

या दिवसांत पेशंटला विचारा काय हवंय, कोणाला भेटायचंय, कुठलं गीत म्हणायचं, मृत्युपत्र, बँकेचं नॉमिनेशन, दफन कुठे. मामांना हे बोलायचं होतं, आम्हीच विषय बदलायचो. शेवटी एका रात्री त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, बोलता येत नव्हतं: "स्तोत्र 121 वाचा आणि लाईट चालू ठेवा." रात्रभर आळीपाळीने वाचलं, तुझा रक्षक झोपी जात नाही. पहाटे गेले.

पायरी 9: ट्रीटमेंट संपल्यावर

शेवटच्या रेडिएशनला लोक पेढे वाटतात, चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, बोलवतात. आई नको म्हणाली, तिला उभं राहून बोलवत नव्हतं, आणि आम्ही जबरदस्ती केली नाही. आठ महिन्यांनी तिने आपणहून दिली, तीन मिनिटांची, त्यात निम्मा वेळ डबे देणाऱ्या बायकांची नावं घेतली.

लोकांना वाटतं संपलं. डबे बंद होतात, मेसेज बंद होतात आणि नेमकी तेव्हाच भीती वाढते, साधा खोकला आला तरी. आईला आता पाच वर्षं रोज एक गोळी आहे, फॉलोअप आहेत, हाताला सूज येऊ नये म्हणून व्यायाम आहेत. म्हणून सेक्रेटरी आंटींना सांगून ठेवा की आजाऱ्यांच्या यादीतून नाव काढू नका. आईचं नाव अजून आहे, रविवारी वाचतात, आणि पुढची तारीख मी वहीत दोन्ही बाजूंनी लिहिलीये.